सेफ्टी रिले पीएल-ई चा आहे, म्हणून गार्ड पीएल-ई होत नाही: हिशोब नक्की कशाचा करायचा

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. भोसरीत एसपीएम (एकाच कामासाठी खास बनवलेली मशीन) बनवणारं छोटं युनिट आहे, ड्रिलिंग-टॅपिंगचं मशीन जर्मनीला जायचंय. ऑपरेटर दर सायकलला पुढचं गार्ड, म्हणजे संरक्षक दार, उघडतो, जॉब बदलतो, गार्ड लावतो. गार्ड उघडलं की स्पिंडल थांबला पाहिजे आणि न्यूमॅटिक स्लाइडची हवा सुटली पाहिजे. कस्टमरने या गार्डसाठी पीएल-डी मागितलंय (पीएल म्हणजे परफॉर्मन्स लेव्हल, सेफ्टीचा दर्जा, ए सगळ्यात खालचा, ई सगळ्यात वरचा). यांनी चांगल्या कंपनीचा पीएल-ई चा सेफ्टी रिले (स्विचचे सिग्नल तपासून मशीन थांबवणारा पॅनलमधला रिले) लावला, त्याचं सर्टिफिकेट पाठवलं, आणि कस्टमरने ते परत पाठवून कॅल्क्युलेशन मागितलं. आता यांचं म्हणणं, ई तर डी च्या वरचं आहे, मग अडतंय कुठं?

अडतंय ते इथं की कस्टमरने रिलेचं पीएल विचारलेलंच नाही. "गार्ड उघडल्यावर स्पिंडल थांबणे" या अख्ख्या कामाचं पीएल विचारलंय, आणि ते काम गार्डच्या स्विचपासून सुरू होतं, वायरिंगमधून रिलेत येतं, तिथून कॉन्टॅक्टरपर्यंत, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचपर्यंत जातं (हवेच्या बाजूला व्हॉल्व्हपर्यंत). आयएसओ १३८४९-१ या मशीन सेफ्टीच्या स्टँडर्डमध्ये पीएल म्हणजे दर तासाला या पूर्ण साखळीत धोकादायक बिघाड व्हायची शक्यता. पीएल-डी ला ती दहा लाखात एक ते एक कोटीत एक या पट्ट्यात हवी, पीएल-ई ला एक कोटीत एक ते दहा कोटीत एक. आणि स्विच, रिले, कॉन्टॅक्टर या तिन्ही भागांच्या शक्यतांची बेरीज होते. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर गाडी कितीही पळाली तरी वाकडला आणि वाशीला अडकलेला वेळ धरूनच तुम्ही दादरला पोचता, तसंच आहे हे, रिलेचा आकडा इतका बारीक असतो की बेरजेत तो जवळजवळ दिसतच नाही. बेरीज ठरते स्विचवर आणि कॉन्टॅक्टरवर, म्हणजे ज्यांचं सर्टिफिकेट कोणी मागत नाही आणि पर्चेसवाले ज्यात पैसे वाचवतात त्यांच्यावर.

आपल्याकडच्या पॅनलवाल्यांच्या तोंडात अजून "कॅटेगरी ४ चा रिले" असतो, तो जुन्या ईएन ९५४-१ चा वारसा आहे. त्यात फक्त सर्किटची रचना बघायचे, पार्ट किती टिकेल हा प्रश्नच नव्हता. २००६ मध्ये १३८४९-१ ने आकडे आणले, जुनं स्टँडर्ड २०११ अखेरपर्यंत कसंबसं चालू ठेवलं आणि मग संपलं. कॅटेगरी आजही आहे, पण चार गोष्टींपैकी एक म्हणून. बाकीच्या तीन म्हणजे पार्टचं आयुष्य, बिघाड मशीनला स्वतःला किती पकडता येतो ते (डायग्नोस्टिक कव्हरेज), आणि दोन्ही चॅनल, म्हणजे थांबवायचे दोन वेगळे मार्ग, एकाच कारणाने एकदम जायची शक्यता.

आता तुमच्याच मशीनचा हिशोब करू. तुम्ही सांगितलंय की सायकल ३० सेकंदाची, दोन शिफ्ट म्हणजे १६ तास, वर्षाला ३०० दिवस. ३०० गुणिले १६ गुणिले ३६०० भागिले ३०, म्हणजे वर्षाला ५,७६,००० वेळा गार्ड उघडणार, आणि तितक्याच वेळा तुमचे दोन्ही कॉन्टॅक्टर पडणार. कॉन्टॅक्टर पूर्ण लोडवर तोडत असेल तर स्टँडर्डच्या तक्त्यात त्याचं बी-टेन-डी आहे १३ लाख ऑपरेशन. म्हणजे इतक्या ऑपरेशननंतर दहातला एक कॉन्टॅक्टर धोकादायक पद्धतीने गेलेला असेल, आणि कॉन्टॅक्टरच्या बाबतीत धोकादायक म्हणजे कॉन्टॅक्ट वेल्ड होऊन चिकटणं. (कंपनीच्या डेटाशीटमध्ये कधीकधी नुसतं बी-टेन दिलेलं असतं, डी नसतो. तेव्हा किती बिघाड धोकादायक बाजूला जातात हे माहीत नसेल तर निम्मे धरायचे, म्हणजे बी-टेन-डी दुप्पट येतं. हे विसरून बरेच जण उगाच स्वतःचे मार्क कमी करून घेतात.)

एमटीटीएफडी, म्हणजे धोकादायक बिघाडापर्यंतचा सरासरी काळ, काढायचा तर बी-टेन-डी ला वर्षाच्या ऑपरेशनच्या दहाव्या भागाने भागायचं. १३,००,००० भागिले ५७,६००, आले साडेबावीस वर्षं. ३ ते १० वर्षं लो, १० ते ३० मीडियम, ३० ते १०० हाय, म्हणजे आपण मीडियममध्ये. कॅटेगरी ३ ची रचना (दोन चॅनल, एक गेला तरी दुसरा थांबवतो) आणि मीडियम एमटीटीएफडी असेल तर सोप्या तक्त्याप्रमाणे डायग्नोस्टिक कव्हरेज मीडियम असलं तर पीएल-डी मिळतं, लो असलं तर पीएल-सी. कॅटेगरी ४ ला एमटीटीएफडी हायच लागतो, त्यामुळे या कॉन्टॅक्टरने पीएल-ई कुठल्याच वाटेने येत नाही, रिले सोन्याचा लावा नाहीतर चांदीचा.

पण खरा मुद्दा पुढचा आहे आणि तो बहुतेक जण बघतच नाहीत. साडेबावीस वर्षं हा आकडा बघून लोक खूश होतात की चला, मशीनच्या आयुष्याची काळजी मिटली. तसं नाहीये ते. टी-टेन-डी नावाची अजून एक गोष्ट आहे, बी-टेन-डी भागिले वर्षाची ऑपरेशन, म्हणजे १३,००,००० भागिले ५,७६,०००, सव्वादोन वर्षं. तुमचा सगळा हिशोब फक्त तोपर्यंतच खरा आहे, कारण त्यात बिघाडाचं प्रमाण कायम एकसारखं धरलंय आणि झिजणाऱ्या पार्टला ते या काळापुरतंच लागू होतं. सव्वादोन वर्षांनी कॉन्टॅक्टर चालू असला, आवाज नीट येत असला, तरी काढून नवा लावायचा. आणि हे मशीनच्या मॅन्युअलमध्ये लिहून द्यावं लागतं. किती मॅन्युअलमध्ये हे वाक्य असतं ते मी सांगत नाही, तुम्हीच तुमच्याकडची चार उघडून बघा.

उलट हेच मशीन, हेच पॅनल, पण गार्ड फक्त टूल बदलायला उघडायचं, दिवसाला दहा वेळा, असं असतं तर? वर्षाला ३,००० ऑपरेशन, एमटीटीएफडी निघतो चार हजार वर्षांच्या वर, आणि स्टँडर्ड म्हणतं की चॅनलला १०० वर्षांच्या वर धरू नका (कॅटेगरी ४ ला २०१५ पासून २,५०० पर्यंत सूट आहे). म्हणजे तीच वायरिंग, तोच पार्ट नंबर, आणि पीएल वेगळं. म्हणून "या सर्किटचं पीएल किती" हा प्रश्न मला कोणी विचारला की मी आधी विचारतो, गार्ड दिवसाला किती वेळा उघडतं? फोनवर बहुतेक वेळा समोर शांतता असते, कारण डिझाइनवाल्याने लाइनवर उभं राहून ते कधी मोजलेलंच नसतं.

आता उपाय. पहिला, पीएलसीकडून (मशीन चालवणारा कंट्रोलर) आधी ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं युनिट, थांबवा आणि मग कॉन्टॅक्टर पाडा, म्हणजे तो करंट तोडत नाही. जवळजवळ बिनलोडच्या कॉन्टॅक्टरला तक्ता २ कोटी ऑपरेशन देतो, हिशोब एकदम पालटतो, फक्त मेकॅनिकल लाइफ डेटाशीटमधून बघून घ्या आणि लगेच पाडायचा इमर्जन्सी स्टॉपचा वेगळा विचार करा. दुसरा आणि मला जास्त आवडणारा, ड्राइव्हचं एसटीओ वापरा, सेफ टॉर्क ऑफ, म्हणजे मोटरचा जोर काढून घेणारी सोय. त्यात झिजायला कॉन्टॅक्टच नाही, कंपनी आकडा थेट देते. पण स्पिंडल जड असेल तर टॉर्क काढल्यावर तो फिरत राहणार, मग गार्डला लॉक लागेल किंवा आधी ब्रेकिंग करून मग एसटीओ घ्यावं लागेल. इथे किंमत वाढते आणि मालकाचा चेहरा उतरतो, पण दर सव्वादोन वर्षांनी जर्मनीत जाऊन कोणी कॉन्टॅक्टर बदलणार आहे का, हे एकदा विचारा त्यांना.

डायग्नोस्टिक कव्हरेजवर दोन शब्द, कारण तिथे फुकटात मिळणारं लोक सोडून देतात. दोन कॉन्टॅक्टर सिरीजमध्ये टाकले की काम झालं असं नाही. एक चिकटला तर दुसरा थांबवेल खरं, पण एक चिकटलाय हे कोणाला कळणार? ते कळण्यासाठी दोन्हींचे मिरर कॉन्टॅक्ट, म्हणजे मेन कॉन्टॅक्टशी जबरदस्तीने बांधलेले एनसी (एरवी बंद, म्हणजे जोडलेले असणारे) कॉन्टॅक्ट, रिलेच्या फीडबॅक लूपमध्ये घ्यायचे. मग चिकटलेला असताना रिले रिसेटच होत नाही. याला ९९ टक्क्यांपर्यंत कव्हरेज धरता येतं आणि खर्च दोन वायरचा. आणि तरीही मी अशी पॅनल बघितलीत की फीडबॅकच्या टर्मिनलवर कारखान्यातून आलेला जंपर (दोन टर्मिनल थेट जोडणारी तार) तसाच आहे. ड्रॉइंगमध्ये फीडबॅक, पॅनलमध्ये जंपर, सर्टिफिकेट पीएल-ई. पॅनल येऊन दार उघडलं की मी पहिली तीच जागा बघतो.

स्विचकडे येऊ. जीभ वेगळी असलेला (जीभ दारावर, ती स्विचच्या खाचेत शिरते) साधा गार्ड स्विच असेल तर तक्त्यात बी-टेन-डी २० लाख, तुमच्या वापराला एमटीटीएफडी पावणेपस्तीस वर्षं, टी-टेन-डी साडेतीन वर्षं. आत कॉन्टॅक्ट दोन असले तरी जीभ एकच आहे, ती तुटून आत अडकली की दोन्ही कॉन्टॅक्ट खुशाल बंद राहतात. ही जीभ तुटणारच नाही असं कागदावर गृहीत धरता येतं, त्याला फॉल्ट एक्स्क्लूजन म्हणतात, पण ते आपल्या मनाने करायचं नसतं, त्याचं कारण लिहून द्यावं लागतं, आणि पीएल-ई साठी तर नुसत्या अशा एक्स्क्लूजनवर भागत नाही. दर ३० सेकंदाला आपटणारं गार्ड, बिजागऱ्या सैल झालेल्या, गार्ड खाली लोंबलेलं, अशा ठिकाणी जीभ तुटणार नाही असं मी तरी सही करून देणार नाही. तुमच्यासाठी कोड असलेला आरएफआयडी सेन्सर बरा पडेल, त्याची आउटपुट स्वतःला तपासत असतात आणि घासणारा भागच नाही.

एक गार्ड असेल तर ठीक, पण पाठीमागे अजून तीन दारं आहेत असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय, आणि चारही दारांचे कॉन्टॅक्ट सिरीजमध्ये एकाच रिलेला. इथे एक वेगळाच घोळ होतो. समजा पहिल्या दाराचा एक कॉन्टॅक्ट शॉर्ट झाला. ते दार उघडलं की रिलेला एकच चॅनल तुटलेला दिसतो, तो बरोबर अडून बसतो, रिसेट होत नाही. ऑपरेटरला कळत नाही काय झालं, तो सगळी दारं एकेक उघडून बंद करतो, दुसऱ्या दाराला दोन्ही चॅनल नीट तुटतात, रिलेला वाटतं सगळं ठीक, रिसेट होतो. बिघाड होता तिथेच आहे, पण पुसला गेला. याला फॉल्ट मास्किंग म्हणतात आणि यासाठी आयएसओ टीआर २४११९ नावाचा वेगळा कागदच काढावा लागला. किती दारं, किती वेळा उघडतात, केबल कशी टाकलीय यावरून तो कव्हरेज कापतो, काही वेळा पार शून्य धरायला लावतो. म्हणजे ९९ टक्के धरून काढलेला तुमचा हिशोब इथे कोसळतो. समोरचं वारंवार उघडणारं दार वेगळ्या इनपुटवर घ्या, मागच्या तिघांचं मग बघता येतं.

कॉमन कॉज, म्हणजे दोन्ही चॅनल एकाच कारणाने जाणं. तिथे १०० पैकी ६५ मार्क लागतात आणि ते सगळेच एक्सेलमध्ये टिक मारून मिळवतात. दोन्ही चॅनलची केबल वेगळी टाकल्याचे १५, हे टिक केलेलं असतं आणि मशीनवर दोन्ही चॅनल एकाच मल्टीकोअरमधून गेलेले असतात. तुमच्या न्यूमॅटिक बाजूला तर माझ्या आवडीचं उदाहरण आहे: हवा सोडायला दोन व्हॉल्व्ह, दोन्ही मॉनिटर केलेले, कागद एकदम सुंदर, आणि दोघांचं एक्झॉस्ट एकाच सायलेन्सरमधून. तो तेल आणि धुळीने चोंदला की दोन्ही व्हॉल्व्ह वेळेवर सरकतात, पोझिशन सेन्सर सगळं ठीक सांगतो, आणि सिलिंडरमधली हवा निवांत दोन-तीन सेकंद घेऊन सुटते. व्हॉल्व्हचं बी-टेन-डी तक्त्यात २ कोटी आहे, पण ते हवा स्वच्छ असेल तर. आपल्याकडे पावसाळ्यात ड्रायर बंद पडलेल्या कम्प्रेसरमधून लाइनला जे पाणी येतं त्याला हा आकडा लागू नाही.

थांबायला लागणारा वेळ हाही याच्याशीच जोडलेला आहे. लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा किरणांचा पडदा) लावायचा विचार असेल तर आयएसओ १३८५५ प्रमाणे हाताचा वेग सेकंदाला २००० मिमी धरतात. पूर्ण थांबायला ०.१५ सेकंद लागत असेल तर १४ मिमीपर्यंत बारीक वस्तू पकडणाऱ्या कर्टनला ३०० मिमी अंतर लागतं. तोच वेळ ०.२२ झाला की ४४० लागतं. सायलेन्सर चोंदला, ब्रेक झिजला, तर पीएल कागदावर तसंच राहतं आणि हात मात्र आधी पोचतो. स्टॉपिंग टाइम मशीन पाठवण्याआधी मोजा आणि मोजलेला आकडा फाइलला लावा.

आतापर्यंत जास्त वापराने झिजणाऱ्या गोष्टींबद्दल बोललो. क्वचित वापर होणाऱ्यांचा त्रास उलटा असतो, त्या झिजत नाहीत पण बिघाड आत लपून बसतो आणि गरज पडेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. प्रोसेस प्लांटमध्ये सगळा खेळ यावरच आहे. समजा टाकीच्या लेव्हल स्विचचा न दिसणारा धोकादायक बिघाड सरासरी १०० वर्षांत एकदा होतो. वर्षातून एकदा खरी टेस्ट घेतली तर गरजेच्या क्षणी तो मेलेला असण्याची सरासरी शक्यता १ भागिले १०० चा निम्मा, म्हणजे २०० त एक, हा आकडा सिल-२ च्या पट्ट्यात येतो (सिल म्हणजे प्रोसेस प्लांटमधला पीएलसारखाच सेफ्टीचा दर्जा). टेस्ट पाच वर्षांनी घेतली तर ४० त एक, गडी सिल-१ वर. स्विच तोच, बदललं फक्त कॅलेंडर.

आणि टेस्ट म्हणजे टेस्टच पाहिजे. ब्रिटनमधलं बन्सफील्डचं इंधन साठवणुकीचं केंद्र आठवा, ११ डिसेंबर २००५. टाकी नंबर ९१२ मध्ये पेट्रोल भरत होतं. लेव्हल गेज अडकलं होतं, आणि ते ऑगस्टअखेरपासून १४ वेळा अडकलेलं होतं. तरी त्याच्यावर वेगळा, स्वतंत्र हाय लेव्हल स्विच होता, पातळी तिथवर आली की भरणं बंद व्हायला पाहिजे होतं. त्या स्विचला टेस्टसाठी एक लिव्हर होता आणि टेस्टनंतर तो जागेवर राहावा म्हणून त्याला कुलूप घालायचं असतं. कुलूप घातलेलं नव्हतं, कारण तिथल्या लोकांना वाटलं ते कोणी छेडछाड करू नये म्हणून आहे, त्याच्याशिवाय स्विच कामच करत नाही हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. टाकी ओसंडली, सकाळी सहाच्या सुमारास स्फोट, ४० हून जास्त जखमी, रविवार पहाट होती म्हणून कोणी मेलं नाही. या स्विचचा बिघाडाचा दर कोणीही, कितीही दशांशापर्यंत काढला असता तरी त्यात ते कुलूप आलं नसतं.

तुमच्या मागच्या तीन दारांनाही हेच लागू. क्वचित उघडणाऱ्या गार्डसाठी नियम असा की पीएल-डी ला निदान वर्षातून एकदा आणि पीएल-ई ला महिन्यातून एकदा दार उघडून फंक्शन तपासायचं. हे मॅन्युअलमध्ये लिहा, आणि जमलं तर पीएलसीलाच आठवण करू द्या.

ब्रिटनच्या एचएसईने (तिथली कामाच्या सुरक्षिततेची सरकारी संस्था) कंट्रोल सिस्टिममुळे झालेल्या ३४ घटना तपासल्या होत्या, त्यात ४४ टक्क्यांत मूळ कारण स्पेसिफिकेशनमध्येच निघालं, आणि आणखी २० टक्के कमिशनिंगनंतर केलेल्या बदलांत. म्हणजे आपण ज्या पार्टच्या आकड्यांवर रात्री जागवतो ते बऱ्याच घटनांत दोषीच नव्हते. तुमच्या केसमध्ये मला हीच भीती जास्त आहे. "गार्ड उघडलं की मशीन थांबेल" इतकंच लिहिलंय तुम्ही. टॅपिंग चालू असताना गार्ड उघडलं तर? टॅप जॉबमध्ये अडकलेला, स्पिंडल उलटा फिरवल्याशिवाय निघत नाही, आणि त्यासाठी गार्ड उघडं ठेवून मशीन हलवावं लागणार. सेटिंग मोड दिला नसेल तर फिटर काय करणार हे आपल्याला माहीत आहे, स्विचची सुटी जीभ खिशात असते किंवा पॅनलमध्ये लूप मारलेला असतो. यात फिटरचा दोष मी तरी काढत नाही, काम करायला दुसरा रस्ताच ठेवलेला नसतो. जर्मनीतही २००६ च्या पाहणीत एक तृतीयांशाहून जास्त सेफ्टी डिव्हाइसशी छेडछाड होते असं निघालं होतं, तेव्हा हा फक्त आपला जुगाड आहे असं समजू नका. आयएसओ १४११९ हे गार्डच्या स्विचचं स्टँडर्ड म्हणूनच सांगतं की बायपास करावासा का वाटेल ते डिझाइन करतानाच शोधा. मोड सिलेक्टर, कमी स्पीड, हातात दाबून धरायचं एनेबलिंग स्विच द्या, लूपची गरजच पडणार नाही.

आता कस्टमरला काय पाठवायचं. सर्टिफिकेटांचा गठ्ठा नको. प्रत्येक सेफ्टी फंक्शनला एक पान करा: काय झाल्यावर काय थांबायचं, किती वेळात, कुठल्या मोडमध्ये, पीएल-डी का (रिस्क ग्राफमध्ये इजा गंभीर, वारंवार संपर्क, टाळणं शक्य, ही वाट तुमच्या गार्डला बसते, पण ती तुमची तुम्ही तपासा). मग सर्किटचे ब्लॉक, वर्षाची ऑपरेशन कशी काढली ते, प्रत्येक ब्लॉकचा आकडा. जर्मनीच्या आयएफए या कामगार सुरक्षा संस्थेचं सिस्टेमा सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात भरा, कस्टमरला तेच ओळखीचं असतं. घाईत असाल आणि आकडे जुळवायचे नसतील तर ढोबळ नियम असा की पीएल-डी चे तीनपर्यंत ब्लॉक सिरीजमध्ये असले तर एकूण डी राहतं, चौथा आला की सी. स्विच, रिले, कॉन्टॅक्टर मिळून तुम्ही तीनात बसताय. हवेची बाजू वेगळं फंक्शन म्हणून वेगळ्या पानावर घ्या, एकाच बेरजेत कोंबू नका. आणि शेवटी प्रत्यक्ष मशीनवर एकेक वायर काढून, शॉर्ट करून, कॉन्टॅक्टर हाताने दाबून धरून काय होतं ते बघा आणि त्याची शीट जोडा, याच्याशिवाय वरचा सगळा हिशोब नुसता एक्सेल आहे.

कॉन्टॅक्टरच ठेवायचे ठरवलं तर पीएलसीत गार्ड उघडण्याचा काउंटर टाका, पॉवर गेली तरी पुसला जाणार नाही अशा मेमरीत, १२ लाखाला एचएमआयवर (ऑपरेटरच्या स्क्रीनवर) वॉर्निंग आणि १३ लाखाला कॉन्टॅक्टर बदलल्याशिवाय सायकल स्टार्ट नाही. काउंटर रिसेटला पासवर्ड ठेवा आणि तो पासवर्ड दारावर चिकटवू नका.